कोकम घरी गेली

कोकम बोटानं कधी काही दाखवत नसे. रस्ता असो, झाड असो, आकाशातला ढग असो की कुणाची चुकलेली मांजर, ती ओठ पुढे काढायची आणि हनुवटी त्या दिशेला किंचित उचलायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, ही बाई पापा घेते आहे की काय. बोटानं का नाही दाखवत, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "माझे हात कधी रिकामे असतात का?" आणि खरंच, तिच्या हातात सदैव काहीतरी असायचं. मण्यांचं काम, सोलायचा बटाटा, नाहीतर नातीची वेणी.

वर्षभरात ती सवय आमच्या कॉलनीतल्या काकू मंडळींनाही लागली. संध्याकाळी वॉकला निघालेल्या मराठी बायका ओठ काढून एकमेकींना रस्ता दाखवताहेत, हे दृश्य न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरमध्ये ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

तिचं कागदोपत्री नाव वेगळं होतं. तिच्या क्री भाषेत आजीला कोकम म्हणतात आणि तिच्या गावात लहानथोर सगळे तिला तेच म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणावं, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते ऐकून माझी आई माझ्या कानाशी लागली.

"आमसूल?"

"नाही गं. आजी म्हणतात तसं."

"मग सरळ आजी म्हणावं ना. आमसूल काहून?"

त्या दिवसापासून आईच्या लेखी ती कोकमबाई. आणि आजीला आपण अहो-जाहो करत नाही, म्हणून मीही इथे करत नाही.

आमची कॉलनी म्हणजे स्टेशनपासून जवळच असलेली, एकसारख्या घरांची लांब रांग. सहा महिन्यांच्या व्हिसावर नातवंडं सांभाळायला आलेले कुणाचे ना कुणाचे आईबाबा इथे बाराही महिने असतात. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घराच्या पायरीवर एक नवी बाई दिसली. सावळी, रुंद चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची वेणी पार कमरेपर्यंत, अंगात कुठल्याशा शाळेच्या बास्केटबॉल टीमचं जॅकेट. पुण्याच्या कुलकर्णीकाकूंनी पुढे होऊन इंग्रजीत विचारलं, "इंडियन?"

"हो," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"मोंटाना."

काकूंनी समजल्यासारखी मान डोलावली. चार घरं पुढे गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं की हे मोंटाना नेमकं कुठे आलं, आसामच्या बाजूला का.

मोंटाना म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेचं, कॅनडाला लागून असलेलं राज्य. क्री हे या खंडातले मूळ लोक, त्यांतले बहुतेक कॅनडात राहतात. थोडे सीमेच्या अलीकडे, टेकड्यांच्या कुशीत, त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात असतात. अशा प्रदेशाला रिझर्वेशन म्हणतात. कोकमनं जेव्हा पहिल्यांदा "मी रिझर्वेशनची" असं सांगितलं, तेव्हा दोन-तीन काकूंच्या भुवया वर गेल्या. माझी आई मात्र चटकन म्हणाली, "आम्ही पण." मी दोघींनाही दोन्ही रिझर्वेशनांतला फरक समजावून सांगितला. दोघींनी शांतपणे ऐकून घेतलं. फार काही फरक त्यांना जाणवला, असं दिसलं नाही.

आई नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झाली. बाबा गेल्यावर मी तिला इकडे घेऊन आले. इंग्रजी तिला दवाखान्यापुरतं येतं. दुखतंय का, कुठे दुखतंय, ताप आहे का, झोप लागली का. कोकमशी मैत्री करायला तेवढं पुरेसं झालं.

कोकम आली होती ती लेकीसाठी. तिची लेक जवळच्या एका संशोधन केंद्रात माती आणि पाण्याचा अभ्यास करायची. त्या वर्षी तिचा संसार मोडला होता. सहा वर्षांच्या एलाला शाळेतून कोण आणणार, हा प्रश्न होता. लेकीनं फोन केला आणि कोकम बॅग भरून आली. ख्रिसमसपर्यंत राहायचं म्हणून आली आणि जुलैपर्यंत राहिली.

पण ती इथे राहत होती असं म्हणणंही फारसं खरं नाही. सकाळी बस स्टॉपवर एलाला सोडून परतताना तिचं सुरू व्हायचं, "आज तिकडे..." आज तिकडे थोरला लाकडं फोडायला गेला असेल. आज तिकडे पहिलं दव गोठलं असेल, बहिणीनं कोबी काढला असेल. आज तिकडे धाकटा मुलगा हरणामागे डोंगरात गेला असेल, आणि त्याची बायको चिडली असेल. दहा वाजता ती गावी फोन लावायची आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं. चुकलं, तर ती त्यांनाच रागवायची. एवढं थंड पडलं आणि अजून लाकडं नाहीत?

बोलणं संपलं की "एकोसी" म्हणायची. म्हणजे झालं तर मग. कुठल्याही विषयावर ती एकोसी म्हणाली की त्यावर पुढे बोलायचं नाही, हे आम्ही लवकर शिकलो.

नोव्हेंबरात कॉलनीमागच्या रस्त्यावर एका गाडीची धडक बसून हरीण मेलं. इथे ते नेहमीचं आहे; पालिकेची गाडी येते आणि घेऊन जाते. कोकम त्या वेळी आईबरोबर फिरायला गेली होती. गाडीवाला हबकून उभा, पोलिसाची गाडी आलेली. कोकमनं पोलिसाला विचारलं की हे मी नेऊ का. इथल्या कायद्यात तशी मुभा आहे, परवानगी घ्यावी लागते, एवढंच. पोलिसानं परवानगी दिली. हरीण उचलून तिच्या गॅरेजपर्यंतही आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या मागच्या अंगणात काठ्यांचा मांडव उभा राहिला. त्यावर कागदासारख्या पातळ कापलेल्या मांसाच्या लांब पट्ट्या वाळत घातल्या होत्या आणि खाली मंद धूर. कुणीतरी फायर ब्रिगेडला फोन केला. लाल गाडी घणघणत आली, चार धिप्पाड माणसं उतरली. आम्ही सगळे खिडक्यांतून पाहत होतो. कोकमनं त्यांना एकेक तुकडा चाखायला दिला, त्यांनी उभ्या उभ्या खाल्ला, आग नाही अशी नोंद केली, आणि जाताना एकानं आणखी मागून घेतला. कॉलनीच्या असोसिएशनची मात्र सूचना आली की धूर चालणार नाही. मग तिनं सगळा मांडव गॅरेजमध्ये हलवला आणि दोन टेबलफॅन लावले.

त्या दुपारी मी घरूनच काम करत होते. आई बराच वेळ दिसली नाही म्हणून पाहायला गेले, तर ती गॅरेजमध्ये कोकमच्या शेजारी स्टुलावर बसून मांस कापत होती. सुरी अशी चालवत होती, की मी आईच्या हातात सुरी अशी चालताना कधी पाहिली नव्हती. मांसाचा गोळा एका बाजूनं उलगडत न्यायचा, तुटू द्यायचा नाही, एक लांब पट्टी करायची.

"तुला हे कुठून येतं?" मी विचारलं.

आईनं मान वर केली नाही. "आमच्या इकडं चान्या म्हणत. मायनं शिकवलं होतं."

चान्या हा शब्द मी पुस्तकांत वाचला होता. आईच्या तोंडून तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गावाबाहेरच्या वस्तीत, दोरीवर वाळत घातलेलं मांस. रस्त्यानं जाणारे नाकाला पदर लावून जात, हेही तिनं त्याच सुरात, कापता कापता सांगितलं. पुढे नागपूर, नर्सिंग, क्वार्टर, आमचं शिक्षण. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला, चष्म्याचा फोटो होता, आहे. मराठी वाचकाला नाव सांगायला नको. त्या फोटोखाली आम्ही खूप काही बोलायचो, पण हे कधी निघालं नव्हतं. मी ते सगळं कोकमला इंग्रजीत सांगितलं. कोकमनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मीठ लावायचा का तुम्ही?" आई म्हणाली, हळद आणि मीठ. कोकम म्हणाली, हळद लावून बघू.

तेवढ्यात कुलकर्णीकाकू उघड्या गॅरेजपाशी थांबल्या. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. मी काहीतरी गुळमुळीत सांगणार होते. आईनं सरळ सांगितलं, "चान्या करून राहिलो. आमच्या समाजात करत. मी लहानपणी लई खाल्ल्या." काकू शाकाहारी. त्यांनी पट्ट्यांकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "टिकतं किती हो हे?" आई म्हणाली, "पावसाळाभर." काकू म्हणाल्या, आमच्या सांडग्यांसारखंच की. त्या निघून गेल्यावर कोकमनं त्यांच्या दिशेनं ओठ काढून मला विचारलं, ती काय म्हणाली. मला सांडग्यांचं इंग्रजी काही केल्या जमेना.

हिवाळ्यात एलाचं एकच टुमणं होतं, "कोकम, गोष्ट." तिच्या लोकांत एक आहे, सगळ्या प्राण्यांचा थोरला भाऊ, हुशारही तोच आणि महामूर्खही तोच. त्याच्या गोष्टी फक्त जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या, असा दंडक. एरवी विचारलं तर कोकम म्हणायची, "बर्फ कुठे आहे?" आणि त्या वर्षी न्यू जर्सीत बर्फच पडेना. डिसेंबर कोरडा गेला. जानेवारीत नुसता चिखल. एला रोज सकाळी खिडकीशी जायची आणि तोंड पाडून परत यायची. लेक कोकमला म्हणाली की एखादी सांग ना, इथे कुणाला कळणार आहे? कोकम म्हणाली की मला कळेल ना.

तळ्याकाठच्या रानबदकांवरही तिचा राग होता. इथे त्यांना गीज म्हणतात. हे मूळचे उत्तरेचे पक्षी, पण आमच्याकडे ऑफिसांच्या हिरवळीवर बारा महिने चरतात, उडून जायचं विसरून गेलेत. कोकम थांबून त्यांना क्रीमध्ये चांगलं खडसवायची. काय म्हणतेस, असं विचारलं तर म्हणायची, "विचारते, की तुम्हाला आया नाहीत का, घरं नाहीत का."

फेब्रुवारीत एकदाचा बर्फ पडला. सकाळी उठलो तर गुडघाभर. शाळा बंद, ऑफिसं बंद. एला पायजम्यावरच आमच्या दारात आली आणि आईचा हात धरून तिला ओढत घेऊन गेली. मी मागून चहाचा थर्मास घेऊन गेले. कोकम सोफ्यावर मधोमध, एका बाजूला एला, दुसऱ्या बाजूला आई, तिघींवर मिळून एक रजई, आणि लेक खाली जमिनीवर कोकमच्या पायाला टेकून. कोकम आधी क्रीमध्ये सांगायची, मग इंग्रजीत. आईला दोन्हीतलं काही कळत नव्हतं, तरी ती नेमक्या जागी हसत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "तिच्या तोंडाकडं पाह्य ना. समजते." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गोष्टी चालल्या. साठवलेल्या गोष्टी होत्या, सगळ्या हिवाळ्याच्या. मी लेकीकडे पाहत होते. ती पुढचं वाक्य कोकमच्या आधी ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

मार्चमध्ये कोकम बस स्टॉपवर चक्कर येऊन पडली. आई तिथेच होती म्हणून बरं झालं. तिनं नाडी पाहिली, पाय वर केले आणि सगळ्यांना बाजूला सारून "ताप आहे का, दुखतंय का" एवढ्या इंग्रजीवर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत निभावलं. हृदयाचं निघालं. छोटी शस्त्रक्रिया झाली, गोळ्या सुरू झाल्या, काही महिने विमानप्रवास नको असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग लेकीनं ठरवलं की कोकम आता कायमची इथेच राहील.

तिचंही चूक नव्हतं, हे मला आवर्जून सांगायचं आहे. तिचे वडील गावाहून हॉस्पिटलला नेताना बर्फाच्या वादळात रस्त्यातच गेले होते. गाडी ती चालवत होती. मोठं हॉस्पिटल त्यांच्या घरापासून काही तासांवर, आणि इथे दहा मिनिटांवर. ती माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली की तुझी आई तुझ्याकडे आहे, तू माझ्या आईला समजाव. मला तिचं पटत होतं. मी आईपाशी विषय काढला. आई म्हणाली, "माझं अन् तिचं सारखं नाही. नागपूरला मले आता कोण आहे? मी तुझ्यापाशी बरी आहे. तिले तिकडं अख्खं गाव आहे."

कोकम मात्र या विषयावर काहीच बोलत नव्हती. एकोसीसुद्धा म्हणत नव्हती. ती गप्प बसायची आणि मणी ओवायची. "आज तिकडे" बंद झालं. एप्रिल, मे, कॉलनीत सगळीकडे फुलं आली. मोंटानात नद्यांवरचा बर्फ फुटला असेल, घोड्यांना शिंगरं झाली असतील, असं आता तिला आम्हीच सांगायचो. ती मान हलवायची. तुम्ही कुणी असं बोलकं माणूस गप्प झालेलं पाहिलं असेल, तर ते घर कसं होतं, हे मी सांगायला नको.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिला आणि आईला गाडीतून कुठेतरी नेत होते आणि वाटेत ऑफिसमध्ये काहीतरी द्यायला थांबले. परत आले तर गाडी रिकामी. पार्किंगच्या कडेला शोभेची म्हणून लावलेली झाडं आहेत. त्यांना मी दहा वर्षं पाहत होते आणि एकदाही पाहिलं नव्हतं. जांभळी, करवंदांच्या धाकट्या बहिणींसारखी फळं त्यांना लगडलेली होती. कोकम दोन्ही हातांनी फांदी वाकवून उभी, आई ओढणीची झोळी करून खाली. कोकमचं तोंड जांभळं झालं होतं.

"जूनबेरी," ती म्हणाली. "आमची." आणि क्रीमधला लांबलचक शब्द तीनदा म्हणाली.

सिक्युरिटीचा माणूस आला. हे तोडायला परवानगी आहे का, असं त्यानं विचारलं. कुणी खातं का हे, असं कोकमनं विचारलं. नाही म्हणाला. मग तिनं ओंजळ त्याच्यापुढे धरली. त्यानं एक खाल्लं, इकडेतिकडे पाहिलं, आणि उंच फांदी वाकवून धरली. झोळी भरल्यावर कोकमनं खिशातून चिमूटभर तंबाखू काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि दोन शब्द पुटपुटली. घेतलं की द्यायचं असतं, एवढंच म्हणाली. गाडीत बसल्यावर ती बऱ्याच दिवसांनी स्वतःहून बोलली. "इथे आता पिकली. म्हणजे तिकडे जुलैत."

त्या रविवारी त्यांच्याकडे आम्हाला जेवायला बोलावलं होतं. जूनबेरीचं गोड सूप, तव्यावरची जाड भाकरी, मांस. जेवण झाल्यावर कोकम म्हणाली, "मी जुलैला घरी जाते आहे. एलाला सुट्टी आहे, तिला नेते."

लेकीनं चमचा खाली ठेवला. डॉक्टर काय म्हणाले, हे तिनं सांगितलं. हॉस्पिटल किती लांब आहे, हे सांगितलं. मग म्हणाली, "बाबांना मी घेऊन जात होते, आई. मला तो रस्ता पुन्हा करायचा नाही."

"तुला करायला कोण सांगतंय?" कोकमनं तिचा हात धरला. तिचा दुसरा हात त्या दिवशी रिकामा होता. "काही होणार नाही असं मी म्हणत नाही. होईल. इथेही होईल. इथे झालं, तर तू आणि डॉक्टर. तिकडे झालं तर माझी बहीण, मुलगे, सुना, नातवंडं, अख्खा डोंगर. तुझे बाबा घर सोडून निघाले म्हणून रस्त्यात गेले. मला घरी राहायचं आहे."

"आणि मी?"

"तू माझीच आहेस. तूही ये. नोकरी सोडून ये म्हणत नाही. उन्हाळ्यात ये. आमचा उन्हाळ्यातला विधी आहे, तुझ्या बाबांच्या घरानं तो कधी चुकवला नाही. बर्फात गोष्टी, उन्हाळ्यात विधी. एलाला हे पार्किंगमधून किती देऊ मी?"

लेक बराच वेळ रडली. मग तिनं अट घातली की कोकमनं एकटीनं जायचं नाही, आणि विमानानं तर नाहीच. स्वतः तिला जुलैच्या मध्याआधी निघता येत नव्हतं. आईनं मला कोपर मारलं. "तुझी रजा आहे ना? आपण जाऊ."

अशी मी, आयुष्यात बॉस्टनच्या पुढे गाडी न नेलेली बाई, तीन सहप्रवासी घेऊन मोंटानाला निघाले. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना इथवर कोकम झोपली. मिनेसोटा संपल्यावर आकाश मोठं व्हायला लागलं आणि ती जागी झाली. नॉर्थ डकोटात ती सरळ बसली. मोंटानाची पाटी आली, तशी तिनं खिडकी खाली केली आणि मग पुढचा सगळा रस्ता तिचे ओठ सतत पुढे होते. ते बघ, तिथे माझा जन्म. ते बघ, तिथे नवऱ्यानं ट्रक बुडवला. आई मागे बसून हुबेहूब तसेच ओठ काढून प्रत्येक गोष्टीकडे पाहत होती.

घरी पोहोचलो तेव्हा अंगणात तीसेक माणसं होती. मला वाटलं होतं, रडारड होईल, हार-तुरे नाही तरी निदान मिठ्या. तिची बहीण स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "उशीर केलास." आणि तिच्या हातात सुरी दिली. कोकम जॅकेट न काढता खुर्चीवर बसली आणि बटाटे सोलायला लागली. दहा मिनिटांत ती तीन माणसांना रागवली होती. न्यू जर्सीत ती कुणावर एवढी रागावलेली मी कधी पाहिली नव्हती. एला तोवर भावंडांबरोबर दिसेनाशी झाली होती.

त्यांच्या विधीबद्दल मी इथे लिहिणार नाही. तो त्यांचा आहे, आणि आम्ही काही विचारलंही नाही. बाहेरच्या मोठ्या तंबूत शेकडो माणसांचा स्वयंपाक चालायचा, तिथे आम्हाला काम मिळालं. माझ्या आईनं मोंटानाच्या डोंगरात डेकचीभर मटणाला हळद लावली आणि कुणी तक्रार केली नाही. शेवटच्या दिवशी लेक येऊन पोहोचली. ती गाडीतून उतरली तेव्हा एला दुरून काहीतरी ओरडली, क्रीमध्ये. लेकीनं क्रीमध्येच उत्तर दिलं आणि मग तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

पुढचं थोडक्यात सांगते. कोकम परत आली नाही. एला दर उन्हाळ्यात जायची, पहिला बर्फ पडला की फोनवर गोष्टी ऐकायची. बर्फ तिकडे पडला असला तर चालतो, असा निर्णय कोकमनं दिला होता. दोन वर्षांनी लेकीनं इथली नोकरी सोडली आणि त्यांच्याच लोकांच्या कॉलेजात शिकवायला गेली. तिथल्या नद्यांचं पाणी तपासते, पगार अर्ध्यावर आला आहे, आणि फोनवर आता तीच सांगते, आज इकडे काय काय झालं ते.

कोकम गेल्या हिवाळ्यात गेली. घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. बाहेर बर्फ होता, रस्ते बंद होते, आणि घरात माणसं मावत नव्हती. लेक उशाशी होती. हे तिनंच मला फोन करून सांगितलं, स्वच्छ आवाजात. मी आईला सांगितलं. आईनं फोटोखाली मेणबत्ती लावली. संध्याकाळी वॉकला गेली आणि काकूंना म्हणाली, "कोकमबाई गेली. घरी होती."

मला मात्र ती दिसते ती आम्ही तिथून निघालो त्या सकाळची. गाडीत सामान ठेवून आम्ही निरोप घ्यायला तिला शोधत होतो. ती घरात नव्हती. कुंपणापाशी लेक उभी राहून ओरडत होती, आई, उतर खाली, डॉक्टरांनी काय सांगितलंय! पलीकडे एका म्हाताऱ्या ठिपक्यांच्या घोड्यावर, खोगीर न घालता, कोकम बसली होती. बाकीचे घोडे वर टेकडीवर गेले होते आणि त्यांना खाली आणायला आपल्याशिवाय कुणाला जमत नाही, असं तिचं म्हणणं होतं. आम्हाला पाहून तिनं घोडा क्षणभर थांबवला. आईकडे बघून काहीतरी क्रीमध्ये म्हणाली. आईनं मराठीत, "हो हो, सांभाळून जा बाई," म्हटलं. मग कोकमनं टाच मारली. उंच गवतातून घोडा चढ चढू लागला, तिची पांढरी वेणी पाठीवर उडायला लागली, आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही. पुढे घोडे होते, त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं.